डेव्हिड लीन : एडिटिंग टेबलावर घडलेला दिग्दर्शक

डेव्हिड लीन या ब्रिटिश दिग्दर्शकाने १९४२ ते १९८४ या काळात सोळा चित्रपट केले. दिग्दर्शनासाठी सात वेळा ऑस्करचं नामांकन मिळालं, त्यातल्या दोन वेळा पुरस्कार. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने १९९९ साली विसाव्या शतकातल्या शंभर ब्रिटिश चित्रपटांची यादी काढली, तेव्हा पहिल्या पाचात तीन एकट्या लीनचे होते : 'ब्रीफ एन्काउंटर' दुसरा, 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' तिसरा आणि 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' पाचवा.

त्याचं नाव निघालं की बहुतेकांना वाळवंट, बर्फाची मैदानं आणि उडवलेला पूल आठवतो. ही दृश्यं भव्य आहेतच, पण पैसा आणि माणसं हाताशी असली की भव्य दृश्य बऱ्याच जणांना टिपता येतं. ते किती वेळ दाखवायचं, त्याच्या आधी काय ठेवायचं आणि नेमकं कुठे तोडायचं, हे लीनला इतरांपेक्षा जास्त कळत होतं. कारण दिग्दर्शक होण्याआधी दहाएक वर्षं तो संकलक होता, आणि मनाने शेवटपर्यंत संकलकच राहिला. त्याचं आयुष्य आणि त्याचं तंत्र म्हणूनच एकत्र सांगायला हवं.

क्रॉयडन ते कटिंग रूम

लीनचा जन्म २५ मार्च १९०८चा, लंडनच्या दक्षिणेकडच्या क्रॉयडनमधला. घर क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं : साधी राहणी, करमणुकीचा तिटकारा, आणि सिनेमा तर वर्ज्यच. शाळाही क्वेकरांचीच, रेडिंगची लेटन पार्क. अभ्यासात तो यथातथाच होता. लहानपणी कोडॅकचा साधा ब्राउनी कॅमेरा भेट मिळाला आणि त्याला फोटोंचं वेड लागलं. वडील हिशेबनीस. शाळा संपल्यावर त्यांच्याच पेढीत उमेदवारी सुरू झाली, पण आकड्यांत त्याचं मन रमेना.

१९२७ साली, एकोणिसाव्या वर्षी, तो लंडनमधल्या शेफर्ड्स बुश भागात गोमाँ कंपनीच्या स्टुडिओत लागला. चहा आणून देणं, निरोप पोचवणं, शॉटच्या आधी क्लॅप देणं, मग तिसरा सहायक दिग्दर्शक, अशी ती वाटचाल. १९३०च्या सुमारास तो न्यूजरील, म्हणजे चित्रपटगृहात दाखवले जाणारे छोटे बातमीपट, कापायला बसला, आणि खरं शिक्षण इथे झालं. ब्रिटनमधल्या न्यूजरील तेव्हा आठवड्यातून दोनदा बदलत. घोड्यांची शर्यत, जहाजाचं जलावतरण, राजघराण्यातला समारंभ, असलं चित्रण कॅमेरामनकडून यायचं आणि काही तासांत त्याचं मिनिटा-दोन मिनिटांचं, कुणालाही कळेल असं प्रकरण करून द्यायचं. शॉट कमी पडला म्हणून पुन्हा काढून आणण्याची सोय नाही. हाती आहे त्यातूनच गोष्ट उभी करायची. त्याच सुमारास बोलपट स्थिरावत होता. चित्राची पट्टी वेगळी, आवाजाची वेगळी. दोन्ही जुळवून कापणारी माणसं कमी होती, आणि लीन त्यांच्यातला एक झाला.

तिशीत येईपर्यंत तो ब्रिटनमधला सगळ्यात मागणी असलेला संकलक होता. 'एस्केप मी नेव्हर' (१९३५), 'पिग्मॅलियन' (१९३८), मायकल पॉवेल आणि एमेरिक प्रेसबर्गर या जोडीचे '४९थ पॅरलल' (१९४१) आणि 'वन ऑफ अवर एअरक्राफ्ट इज मिसिंग' (१९४२) हे चित्रपट त्याने कापले.

फिल्म कापायची म्हणजे नेमकं काय करायचं?

आज संकलन संगणकावर होतं. चुकलं तर एक कळ दाबून मागे जाता येतं. लीनच्या काळी ते हाताने करायचं काम होतं, आणि ते कसं चालायचं हे कळल्याशिवाय त्याचे निर्णय कळत नाहीत.

३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ फ्रेम बसतात. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम सरकतात. म्हणजे मिनिटाला ९० फूट, आणि हजार फुटांचं रीळ साधारण अकरा मिनिटांचं. दिवसभराचं शूटिंग लॅबमध्ये जायचं, निगेटिव्ह धुतली जायची आणि निवडलेल्या टेकच्या पॉझिटिव्ह प्रती निघायच्या. त्या रशेस. सहायक क्लॅप शोधायचा : चित्रात पट्ट्या एकमेकींना टेकतात ती फ्रेम आणि आवाजात 'टक' होतो ती जागा, या दोन खुणा समोरासमोर आणल्या की ओठ आणि शब्द जुळतात. मग संकलक मूव्हिओला नावाच्या उभ्या यंत्रावर फिल्म पुढेमागे फिरवून बघायचा, हव्या त्या फ्रेमवर मेणाच्या पेन्सिलीने खूण करायचा, कापायचा आणि दुसऱ्या तुकड्याला जोडायचा.

जोड तेव्हा रसायनाने केला जायचा. एका टोकाचा, चित्र उमटतं तो रासायनिक थर खरवडायचा आणि त्यावर दुसरं टोक दाबून बसवायचं. हा जोड उकलून पुन्हा करायचा तर एखादी फ्रेम हकनाक जायची. तिच्या जागी काळी फ्रेम घालून लांबी सांभाळावी लागायची, नाहीतर पुढचा सगळा आवाज सरकायचा. त्यामुळे कापण्याआधी विचार करण्याची सवय लागायची. लीनला ती इतकी मुरली की सेटवर शॉट घेतानाच तो कुठे तुटणार आणि पुढे काय जोडलं जाणार, हे त्याच्या डोक्यात ठरलेलं असायचं.

एका शॉटमधून दुसऱ्यात जाण्याचे दोन मुख्य मार्ग. कट म्हणजे सरळ तोड : ही फ्रेम संपली, पुढची दुसरीच. डिझॉल्व्ह म्हणजे पहिलं चित्र विरत जातं आणि त्यावरच दुसरं उमटत येतं. जागा बदलली, काळ लोटला, हे सांगायला त्या काळी डिझॉल्व्हच वापरायची पद्धत होती. पण डिझॉल्व्ह टेबलावर करता येत नसे. ऑप्टिकल प्रिंटरवर दोन तुकड्यांची एकत्र नक्कल काढावी लागे. ती नक्कल मूळ निगेटिव्हच्या पुढच्या पिढीची असल्याने जरा रवाळ दिसे. संकलनाच्या प्रतीत ती नसेच. दोन तुकडे सरळ जोडून त्यावर पेन्सिलीने तिरकी रेघ मारलेली असे, 'इथे डिझॉल्व्ह येणार' असं सांगणारी. ही रेघ लक्षात ठेवा. पुढे जगातला एक अतिशय गाजलेला कट तिच्यामुळेच सापडला आहे.

छोटे चित्रपट, आणि तेच आधी बघावेत

नाटककार नोएल कॉवर्डला १९४१-४२ मध्ये युद्धनौकेवरचा चित्रपट करायचा होता. त्याला अभिनय आणि लेखन येत होतं, सिनेमाचं तंत्र येत नव्हतं. जाणकार म्हणून लीनला बोलावलं, तेव्हा लीनने सहायक म्हणून नव्हे तर सहदिग्दर्शक म्हणून नाव लागलं पाहिजे असा आग्रह धरला. 'इन विच वी सर्व्ह' (१९४२) सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत कॉवर्ड सेटवरच्या रेंगाळणाऱ्या कामाला कंटाळला आणि बरंचसं दिग्दर्शन लीनवर येऊन पडलं. याच चित्रपटात छोट्या भूमिकेत पहिल्यांदा पडद्यावर आलेला एक पोरगा होता रिचर्ड अ‍ॅटनबरो.

यानंतर लीन, छायालेखक रॉनल्ड नीम आणि निर्माता अँथनी हॅवलॉक-अ‍ॅलन यांनी सिनेगिल्ड ही संस्था काढली. तिच्या चित्रपटांपैकी 'ब्रीफ एन्काउंटर' (१९४५) जपून बघावा असा आहे. अवघ्या ८६ मिनिटांचा. एक विवाहित बाई आणि एक विवाहित डॉक्टर स्टेशनवर भेटतात, दर गुरुवारी भेटत राहतात, प्रेमात पडतात आणि दूर होतात. स्टेशनचं बाहेरचं चित्रण लँकशरमधल्या कार्नफर्थला झालं. युद्ध संपलेलं नव्हतं. रात्री दिवे लावून शूटिंग करायचं तर हवाई हल्ल्याची सूचना वेळेत मिळेल इतकं दूरचं ठिकाण हवं होतं.

चित्रपट सुरू होतो तो शेवटच्या निरोपानेच. स्टेशनच्या उपाहारगृहात दोघं एका टेबलाशी बसलेली. आपल्याला ती कोण ते माहीत नाही आणि कॅमेराही दूरच. एक बडबडी ओळखीची बाई येऊन मध्ये बसते. डॉक्टर उठतो, त्या स्त्रीच्या खांद्यावर हात ठेवतो आणि जातो. बस. तासाभराने हाच प्रसंग पुन्हा येतो. घटना तीच, पण आता कॅमेरा नायिकेच्या, सीलिया जॉन्सनच्या, चेहऱ्याजवळ आहे, आणि बडबड कानाआड जाते. खांद्यावरच्या त्या हाताचा अर्थ दुसऱ्या वेळी कळतो. लागलीच पुढे, बाहेरून धडधडत जाणाऱ्या एक्स्प्रेसची चाहूल लागते, कॅमेरा हळूहळू एका बाजूला कलतो आणि ती धावत फलाटाच्या कडेशी जाते. त्या शॉटमध्ये गाडी दिसत नाही. डब्यांच्या खिडक्यांचा उजेड चेहऱ्यावरून झपझप सरकतो, केस उडतात, आणि गाडी गेल्यावर फ्रेम पुन्हा सरळ होते. जीव द्यायचा विचार आला आणि गेला, हे एका शब्दाशिवाय कळतं.

'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'च्या (१९४६) सुरुवातीला पिप नावाचा मुलगा दफनभूमीत आईवडिलांच्या थडग्याशी आलेला आहे. वारा, करकरणारी झाडं. तो घाबरून पळत सुटतो, कॅमेरा त्याच्याबरोबर वळतो, आणि तो थेट एका दांडग्या कैद्याच्या अंगावर आदळतो. प्रेक्षक खुर्चीतून उडतात, आजही. सामान्य दिग्दर्शक इथे मुलाचा चेहरा, मग कट करून कैद्याचा चेहरा दाखवेल. पण कट आला की प्रेक्षकाला आपोआप सूचना मिळते की काहीतरी नवं दाखवणार आहेत, आणि दचकण्याची धार जाते. लीनने कैद्याला चालू शॉटमध्येच आणलं, सूचना न देता. कट त्यानंतर, मुलाच्या किंकाळीवर. धक्क्याच्या आधी कट नाही, धक्क्यानंतर आहे. संकलन जॅक हॅरिसचं. पण शॉटच अशा रीतीने घेतला होता की तो दुसऱ्या कुठे कापता येणार नाही.

'ऑलिव्हर ट्विस्ट'मध्ये (१९४८) अ‍ॅलेक गिनेसला भलंमोठं खोटं नाक लावून केलेल्या फेगिन या ज्यू पात्रावरून ज्यू समाजात संताप उसळला. चित्रपट अमेरिकेत १९५१ पर्यंत लागला नाही. नाझींच्या छळछावण्या नुकत्या उघडकीला आल्या असताना हे नाक ठेवणं ही लीनची मोठी चूक होती, आणि ते नाक जुन्या पुस्तकातल्या चित्रांवरून घेतलं होतं हा बचाव पुरेसा नाही. यानंतरचे तीन-चार चित्रपट ठीक. 'हॉब्सन्स चॉइस'ला (१९५४) बर्लिन महोत्सवाचं सुवर्ण अस्वल मिळालं, आणि व्हेनिसमध्ये चित्रित केलेल्या 'समरटाइम'ने (१९५५) त्याला स्टुडिओबाहेरच्या खऱ्या उजेडाची चटक लावली.

पूल उडवताना

'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' (१९५७) हा तेव्हाच्या सिलोनमध्ये, कितुलगला इथे झाला. निर्माता सॅम स्पीगल. पटकथा कार्ल फोरमन आणि मायकल विल्सन यांची, पण दोघंही हॉलिवुडच्या कम्युनिस्टविरोधी काळ्या यादीत. म्हणून नाव लागलं मूळ फ्रेंच कादंबरीकार पिएर बूल याचं, आणि पटकथेचं ऑस्करही त्यालाच मिळालं. खऱ्या लेखकांना अकादमीने मरणोत्तर मान्यता दिली ती १९८४ मध्ये.

पूल खरा, लाकडी, नदीवर बांधलेला. त्यावरून खरी आगगाडी जाताना तो उडवायचा. एकच संधी. अनेक कॅमेरे लावले. प्रत्येक कॅमेरामनने आपला कॅमेरा चालू करायचा, सुरक्षित खड्ड्यात जायचं आणि बटण दाबायचं. मग लीनजवळच्या फळीवर त्याचा दिवा लागणार. सगळे दिवे लागले तरच स्फोट. मार्च १९५७ मध्ये गाडी निघाली, चालकाने ठरल्याप्रमाणे उडी मारली, आणि एक दिवा लागलाच नाही. तो माणूस आडोशाला पोचलाय की नाही, कळायला मार्ग नव्हता. लीनने स्फोट थांबवला. चालकाविना गाडी पूल ओलांडून पलीकडे जाऊन आदळली. माणूस सुखरूप होता, बटण दाबायचं विसरला होता. गाडी रुळांवर आणून दुसऱ्या दिवशी पूल उडवला. पडद्यावर दिसतो तो हाच दुसरा प्रयत्न. चित्रपटाला सात ऑस्कर मिळाली, लीनचं पहिलं त्यातच.

काडी आणि सूर्य

'लॉरेन्स ऑफ अरेबिया' (१९६२) ही पहिल्या महायुद्धात अरबांच्या बंडात लढलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्याची गोष्ट. शूटिंग मे १९६१ मध्ये जॉर्डनच्या वाळवंटात सुरू झालं, मग स्पेन, मग मोरोक्को. छायालेखक फ्रेडी यंग, पटकथा रॉबर्ट बोल्टची (विल्सनचा आधीचा मसुदा होताच), संकलक अ‍ॅन कोट्स, संगीत मॉरिस झारचं. गासिमच्या भूमिकेत आपला आय. एस. जोहर आहे.

निगेटिव्ह ६५ मिलिमीटरची होती. छापील प्रत ७० मिलिमीटरची. वाढीव जागा आवाजाच्या चुंबकी पट्ट्यांसाठी. दर फ्रेमला कडेची छिद्रं चारऐवजी पाच, म्हणून मिनिटाला ९० नाही, साडेएकशेबारा फूट फिल्म. प्रीमियरची आवृत्ती २२२ मिनिटांची : जवळपास २५,००० फूट, म्हणजे साडेसात किलोमीटरहून जास्त. क्षितिजावरचा ठिपका पडद्यावर ठिपकाच दिसावा, धुरकट डाग नव्हे, हा या सगळ्या खर्चाचा हेतू. उन्हाने फिल्म खराब होऊ नये म्हणून ती थंड ठेवावी लागे. अस्पर्श वाळूवर एक तालीम झाली की पावलांचे ठसे उठणार, मग ती वाळू झाडून गुळगुळीत करा किंवा कॅमेरा दुसरीकडे हलवा. कामाचा अर्धा वेळ असा जाई.

कैरोमध्ये लॉरेन्सला वाळवंटात जायची परवानगी मिळते. तो जळती काडी तोंडाजवळ धरून बघतो, फुंकतो, आणि पुढच्या क्षणी पडदाभर नारिंगी क्षितिज आणि उगवता सूर्य. आता मघाची रेघ आठवा. पटकथेत इथे डिझॉल्व्ह होता. कोट्स आणि लीन टेबलावरची प्रत बघत होते, तिच्यात अर्थातच डिझॉल्व्ह नव्हता, नुसता जोड होता. तो जोडच दोघांना आवडला. कोट्सने नव्या फ्रेंच दिग्दर्शकांचे चित्रपट बघ म्हणून लीनला आधीच सुचवलं होतं. त्या चित्रपटांत असे सरळ कट सर्रास असत. लीनने तिला तो जवळपास परिपूर्ण आहे, आणखी नेमका कर, असं सांगितलं. तिने दोन फ्रेम काढल्या. दोन फ्रेम म्हणजे सेकंदाचा बारावा भाग. पापणी लवायलाही बहुधा याहून जास्त वेळ लागतो.

दोन फ्रेमने काय बिघडतं? फुंकर संपून काडीचा धूर दिसायला लागला की प्रसंग 'संपला' असं मनाला वाटतं आणि सूर्य ही वेगळी, नंतरची गोष्ट होते. फुंकर पुरी व्हायच्या आत तोडलं तर फुंकरीचा परिणामच अर्धवट राहतो. योग्य जागी तोडलं की फुंकर इकडे आणि तिचं फळ तिकडे, असं एकच वाक्य बनतं. शिवाय त्याची तयारी आधीच झालेली आहे. काही मिनिटांपूर्वी लॉरेन्स जळती काडी चिमटीत विझवतो. दुसरा सैनिक तसं करायला जातो आणि त्याला चटका बसतो. त्यामुळे दुसऱ्यांदा काडी पेटते तेव्हा आपण चिमटीची वाट बघत असतो. तो फुंकर मारतो. आपण चुकतो, आणि तेवढ्यात वाळवंट येतं. नुसता कट उचलून दुसऱ्या चित्रपटात घातला तर तो चालत नाही तो यामुळे.

दुसरी जागा विहिरीवरची. लॉरेन्स आणि त्याचा वाटाड्या पाणी पिताहेत. क्षितिजावर काहीतरी थरथरतं. ते हळूहळू उंटावरचा काळा स्वार होतं. हा ओमर शरीफचा प्रवेश. त्यासाठी यंगने पॅनाव्हिजनकडून ४८२ मिलिमीटरची लेन्स आणली. या आकाराच्या निगेटिव्हवर ती जेमतेम सहा अंशांचा पट्टा बघते, त्यामुळे दूरचा तुकडा मोठा होऊन येतो. तापलेल्या जमिनीलगतच्या हवेत प्रकाश वाकतो आणि आकाशाचा तुकडा जमिनीवर पाण्यासारखा दिसतो. स्वार त्या खोट्या पाण्यातून येताना दिसतो. प्रेक्षकाची नजर नेमकी तिथेच जावी म्हणून कलादिग्दर्शक जॉन बॉक्सने वाळवंटात त्या दिशेने जाणारी पायवाट रंगवली आणि कडेने काळे खडे टाकले. बघताना ते कुणाच्या ध्यानातही येत नाहीत.

यात एक साधं गणित आहे. वस्तूचा पडद्यावरचा आकार अंतराच्या व्यस्त प्रमाणात असतो. ८०० मीटरवरचा स्वार १०० मीटर पुढे आला तर तो सातव्या भागाने मोठा दिसतो, म्हणजे जवळपास तेवढाच. तोच २०० मीटरवरून १०० मीटरवर आला तर दुप्पट. म्हणून सुरुवातीला तो येतोय की नाही तेच कळत नाही, आणि मग एकदम अंगावर आल्यासारखा वाटतो. शॉट मध्येच तोडून जवळचं दृश्य घातलं असतं तर ही वाढ दिसलीच नसती. पार्श्वसंगीतही नाही. मूळ शॉट याहून लांब होता. तो आखूड केल्याची लीनला पुढे खंत वाटत राहिली. वाटाड्या पिस्तुलाकडे धावतो, गोळीचा आवाज येतो, तो पडतो. दोन माणसांची ओळख अशी एका प्रेताजवळ होते.

अरब राजपुत्र फैसलच्या भूमिकेत गिनेस आणि टोळीप्रमुख औदाच्या भूमिकेत अँथनी क्विन, दोघांना चेहरे रंगवून अरब केलं होतं. आज ते खटकतं, आणि खटकायलाच हवं.

पसारा वाढत गेला

'डॉक्टर झिवागो' (१९६५) रशियाची गोष्ट, पण सोव्हिएत संघात ही कादंबरीच बंद होती. म्हणून मॉस्कोचे रस्ते माद्रिदजवळ उभारले, बर्फासाठी संगमरवराचा चुरा पसरला, आणि गोठलेलं घर मेणाने घडवलं. कलाकार उन्हाळ्यात लोकरीचे कोट घालून घामाघूम. पाच ऑस्कर मिळाली आणि तिकीटबारीवर पैसाही रग्गड आला.

'रायन्स डॉटर' (१९७०) हा आयर्लंडच्या किनाऱ्यावरचा. खऱ्या वादळाची वाट बघत शूटिंग वर्षभर लांबलं. वादळात लेन्सवर पाणी उडून काहीच दिसेना, तेव्हा यंगने जहाजांच्या खिडक्यांना असते तशी वेगाने फिरणारी काचेची तबकडी कॅमेऱ्यापुढे बसवली. पाणी कडेला फेकलं जातं आणि मधला भाग स्वच्छ राहतो. वादळाचं दृश्य थक्क करणारं आहे. पण एका गावातल्या छोट्या व्यभिचाराची कथा तीन तासांहून जास्त ताणली आहे. 'ब्रीफ एन्काउंटर'मध्ये ८६ मिनिटांत जे बसलं, तेच इथे इतक्या मोठ्या चौकटीत सैल पडलं. न्यूयॉर्कच्या अल्गाँक्विन हॉटेलात समीक्षकांनी त्याला बोलावून तोंडावर झोडपलं, त्यात पॉलिन केल आणि रिचर्ड शिकल होते. लीन इतका दुखावला की पुढची चौदा वर्षं त्याचा एकही चित्रपट आला नाही.

भारत, गोडबोले आणि तुकोबा

भारताशी त्याचं नातं जुनं. चौथी पत्नी लीला मटकर भारतीय. लग्न १९६०चं, घटस्फोट १९७८चा. 'क्वाय'नंतर त्याला गांधीजींवर चित्रपट करायचा होता, प्रेसबर्गरने पटकथाही लिहिली होती, पण तो बाजूला पडला आणि 'लॉरेन्स' झाला. तो विषय १९८२ मध्ये पुरा केला अ‍ॅटनबरोने. त्यात कस्तुरबा झाल्या रोहिणी हट्टंगडी, आणि वेशभूषेचं ऑस्कर जॉन मोलोबरोबर कोल्हापूरच्या भानू अथय्यांना मिळालं, भारताचं पहिलं.

लीनचा शेवटचा चित्रपट 'अ पॅसेज टू इंडिया' (१९८४), ई. एम. फॉर्स्टरच्या कादंबरीवरचा. शूटिंग मुख्यतः बंगळुरू, सावनदुर्ग आणि रामनगरच्या खडकांत. पटकथा, दिग्दर्शन आणि संकलन, तिन्ही लीनचं. श्रेयनामावलीत त्याने दिग्दर्शन आणि संकलन एकाच ओळीत ठेवलं. तिन्हीसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं. पुरस्कार मिळाले ते अभिनेत्री पेगी अ‍ॅशक्रॉफ्ट आणि संगीतकार झार यांना.

मराठी वाचकासाठी इथे एक धागा आहे. कादंबरीतले प्राध्यापक नारायण गोडबोले दख्खनी ब्राह्मण आहेत. फॉर्स्टर १९२१ मध्ये देवास थोरली पाती या मराठा संस्थानात महाराज तुकोजीराव पवारांचा खासगी सचिव होता. तिथे पाहिलेला गोकुळाष्टमीचा उत्सव त्याने कादंबरीच्या तिसऱ्या भागात उतरवला, आणि त्यात गोडबोले मंडळींसह तुकोबाचं नाव घेत भजन करतात. चित्रपटात हा भाग जवळजवळ गायब आहे. गिनेसने (पुन्हा चेहरा रंगवून) गोडबोले केला, त्याच्यासाठी नाच चित्रित झाला, आणि लीनने तो कापला. गुहेतला प्रसंग (एका इंग्रज तरुणीवर हल्ला झाल्याचा आरोप) आणि त्यावरचा खटला ही त्याला गोष्ट वाटली. उत्सव हा त्याला गोष्टीनंतरचा पसारा वाटला. गती म्हणून तो निर्णय बरोबर आहे. पण कादंबरीला भारत जिथे सगळ्यात जवळून भेटतो, तीच जागा त्यामुळे गेली, आणि उरलेला गोडबोले नुसता विक्षिप्त वाटतो. चित्रपट बघितला असेल तर कादंबरीचा तिसरा भाग जरूर वाचावा.

१९८४ मध्येच लीनला 'सर' किताब मिळाला. जोसेफ कॉनरॅडच्या 'नॉस्ट्रोमो'ची तयारी चालू होती. शूटिंग सुरू व्हायला काही आठवडे असताना १६ एप्रिल १९९१ला लंडनमध्ये तो वारला.

कोणती प्रत बघायची

'लॉरेन्स'ची लांबी प्रीमियरनंतर काही आठवड्यांतच वीसेक मिनिटांनी कमी केली गेली, आणि १९७०च्या सुमारास ती १८७ मिनिटांवर आली. १९८९ मध्ये रॉबर्ट हॅरिसने तुकडे शोधून तो पुन्हा उभा केला. मार्टिन स्कॉर्सेसी आणि स्टीव्हन स्पीलबर्ग पाठीशी होते. काही तुकड्यांचा आवाजच हरवला होता. लॉरेन्स झालेला पीटर ओ'टूल, गिनेस आणि क्विन यांनी पंचवीसेक वर्षांनी आपले संवाद पुन्हा म्हटले. चित्रपटातला आणखी एक नट जॅक हॉकिन्स हयात नव्हता, त्याच्या जागी चार्ल्स ग्रेचा आवाज आहे. लीनने स्वतः बसून शेवटचे कट ठरवले. ही आवृत्ती सुरुवातीचं आणि मध्यंतराचं संगीत धरून सुमारे २२७ मिनिटांची आहे. तुमच्याकडच्या प्रतीची लांबी १८७च्या आसपास असेल तर ती सोडून द्या.

पडद्याचं प्रमाणही तपासा. ७० मिलिमीटरचं चित्र उंचीच्या २.२ पट रुंद असतं. जुन्या टीव्हीसाठी केलेल्या प्रतीत चित्र जवळपास चौकोनी असतं, म्हणजे मूळ रुंदीचा साधारण ४० टक्के भाग कापलेला. तसल्या प्रतीत विहीर आणि स्वार एका चौकटीत मावत नाहीत, आणि ते अंतर बघण्यासाठीच तर तो शॉट आहे. वरखाली काळ्या पट्ट्या दिसत असतील तर प्रत बहुधा बरोबर आहे. फोनवर बघू नका. आधी 'ब्रीफ एन्काउंटर' बघा, मग 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स', आणि 'लॉरेन्स' मिळेल त्या सगळ्यात मोठ्या पडद्यावर, मध्यंतरासकट.